अहिराणी गाण्यांखालच्या कमेंट मॉडेलमध्ये टाकल्या तर निम्मं खान्देश नाराज निघतंय, चुकतंय कुठं?

चोपड्याची_पोर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव चोपडा तालुक्यात. प्रोजेक्टचा विषय सरांनी दिलाय, "सोशल मीडियाच्या आधारे खान्देशी समाजाच्या भावनांचा अभ्यास". ऐकायला एकदम भारी वाटलं म्हणून हो म्हणून बसले आणि आता रात्री झोप नाही.

केलं काय ते सांगते. यूट्यूबवरची ३७ अहिराणी गाणी निवडली, त्यांच्याखालच्या कमेंट एपीआयने (प्रोग्रॅममधून यूट्यूबचा डेटा मागवायची सोय) उतरवल्या, साधारण अकरा हजार झाल्या. मग एक तयार मराठी सेंटिमेंट मॉडेल (मजकूर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह का न्यूट्रल ते ठरवणारा प्रोग्रॅम) घेतलं आणि सगळ्या कमेंट त्यातून काढल्या, आणि निम्म्याहून जास्त कमेंट निगेटिव्ह आल्या. आता मला सांगा, हळदीत वाजणारी नाचायची गाणी आहेत ती, खाली येऊन निम्मे लोक शिव्या का देतील? म्हणून काल बसून दोनशे कमेंट डोळ्यांनी वाचल्या तर "आग लाई दिधी भाऊ" निगेटिव्ह, "जीव लई लिधा रे भो" निगेटिव्ह, "मारी टाकं" निगेटिव्ह, आणि एकाने "काय फालतू गाणं शे" लिहिलंय ते न्यूट्रल!!

सरांना दाखवलं तर म्हणाले मॉडेल मोठं घे. मोठं मॉडेल घेतलं, ते "मारी टाकं" वर आणखीनच ठाम झालं. पुढच्या महिन्यात प्रेझेंटेशन आहे. डेटा चुकलाय, मॉडेल चुकलंय का विषयच चुकलाय, काहीच कळून नाही राहिलं. कोणी असलं काम केलं असेल तर सांगा प्लीज.

---

धुळेकर_सध्या_पुणे

ताई, मॉडेल मोठं करून उपयोग नाही, ते शिकलंय कुठं ते आधी बघ. मराठी सेंटिमेंटसाठी लोक जास्त करून एल३क्यूब महासेंट हा डेटा वापरतात, पुण्याच्या ग्रुपने २०२१ मध्ये काढलेला, साधारण १६ हजार ट्वीट आहेत आणि माणसांनी बसून पॉझिटिव्ह निगेटिव्ह न्यूट्रल असे शिक्के मारलेत. काम चांगलंच आहे, त्याआधी मराठीत असं फार काही नव्हतंच. पण ते ट्वीट महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या लोकांच्या अकाउंटवरचे आहेत. म्हणजे शुभेच्छा, श्रद्धांजली, एकमेकांवर टीका, सगळं प्रमाण मराठीत. त्या मॉडेलला तू हळदीच्या डीजेसमोर उभं केलंस. त्याने आयुष्यात "आग" हा शब्द गोडाऊनला लागली तेव्हाच ऐकलाय, ते तरी काय करणार बिचारं.

दुसरं, हे कोणी सांगत नाही पण आपल्या भाषेत फार नडतं. "ऱ्हायनू" (राहिलो) हा शब्द तुझ्या डेटात किती प्रकारे लिहिलाय ते मोजून बघ. "रायनू", "राह्यनू" हे तर दिसतातच, पण जे डोळ्याला अगदी सारखे दिसतात तेही आतून वेगळे असतात. ऱ्ह मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिता येतो, एकात खाली टिंब असलेला वेगळा र आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर काही फरक नाही, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. आणि ते जोडचिन्ह वाटेत कुठं गळून पडलं की र थेट ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. मी एकदा "ऱ्हास" हा शब्द मोजत होतो, निम्मे गायबच. आधी सगळं एका पद्धतीत आण, मग मोज.

रोमनमध्ये लिहिलेल्या कमेंट काय केल्यास? टाकून दिल्या असशील तर तरुण पोरं टाकून दिलीस असं समज. आणि कमेंटच्या खालची उत्तरं घेतलीस का? एपीआय एका वेळी १०० कमेंट देतो पण उत्तरं सगळी देत नाही, ती वेगळी मागवावी लागतात, आणि खरी भांडणं तिथंच असतात.

---

फुकट_सल्ला_केंद्र

काय भो, कमेंटी वाचून डिग्री मिळायला लागली का आता? आम्ही तर दहा वर्षांपासून फुकट वाचून राहिलो 😂

---

साक्रीचे_मास्तर

वरच्या भाऊंच्या चेष्टेतही तथ्य आहे हो. वाचणं हेच काम आहे, फक्त ते कोणी मोजत नाही.

बेटा, मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली आणि घरात आयुष्यभर अहिराणीच बोललो. तुझा पहिला घोटाळा असा की तू अहिराणीला मराठीचं चुकीचं स्पेलिंग समजून मराठीच्या यंत्रात टाकलीस. जनगणना २०११ मध्ये खान्देशी ही मराठीपासून वेगळी मोजली आहे, साडेअठरा लाखांच्या वर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली. आणि मी सांगतो, याच्या कितीतरी पट लोक घरात ती बोलतात आणि खानेसुमारीवाला आला की "मराठी लिहा" म्हणतात. मी स्वतः तेच सांगितलं होतं. कागदावर अहिराणी लिहायची आपल्याला लाज, हा पण एक डेटाच आहे ना.

दुसरं, ह्या कमेंटी लिहिणारे खान्देशात आहेत हे तुला कोणी सांगितलं? नीट वाच, दर दहा-वीस कमेंटीला एक "सुरतथीन देखी ऱ्हायनू" सापडेल. सुरतच्या उधना, लिंबायत भागात आपली माणसं किती आहेत, गावाकडे आता भाऊबंदकीतली लग्नाची यादी करायची तरी सुरतच्या फोनवर करावी लागते. वापी, नाशिक, पुणे वेगळंच. गावात राहतो तो गाणं ऐकून कामाला जातो, "गावनी याद उनी" लिहितो तो गाव सोडलेला. तुझा अभ्यास कदाचित खान्देशाचा नाहीच, खान्देश सोडलेल्यांचा आहे. तो वाईट विषय आहे असं नाही, उलट मला तर तोच जास्त आवडेल.

आता तिसरं थोडं जड आहे. १ जुलै २०१८, रविवार, आमच्या तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मोबाईलवर आठवडे-आठवडे मेसेज फिरत होते, त्यात भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मंगळवेढ्याकडचे, लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्या दिवसांत देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंमधला एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवटी मूल परत आणून सोडतात तो भाग कापलेला. माझ्या स्वतःच्या फोनवर तसलेच मेसेज तीन ग्रुपमध्ये आले होते आणि मी मास्तर माणूस, "खरं आहे का रे" एवढं सुद्धा विचारलं नाही, वर सरकवून पुढं गेलो. तेव्हा कोणी सोशल मीडियाचा अभ्यास करत असता तर त्याला यातलं काय दिसलं असतं? ट्विटरवर काहीच नव्हतं, यूट्यूबवर नव्हतं. जे होतं ते सगळं बंद ग्रुपमध्ये. तू गाण्यांच्या कमेंटवरून "समाजाच्या भावना" म्हणशील तेव्हा हे ध्यानात असू दे, आमच्या तालुक्यात भावना कुठं साठल्या होत्या ते गाण्याखाली लिहिलेलं नव्हतं.

---

चोपड्याची_पोर

सर, काय लिहू कळेना. राईनपाड्याच्या वेळी मी शाळेत होते, आजीने आम्हाला आठ दिवस अंगणातपण जाऊ दिलं नव्हतं एवढंच आठवतं.

सुरतचं तपासलं. "सुरत", "उधना", "वापी" असे शब्द शोधले, बऱ्याच निघाल्या, आणि त्या बाकी कमेंटपेक्षा लांब आहेत, दोन-दोन तीन-तीन ओळी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

धुळेकर दादा, रोमनवाल्या खरंच टाकून दिल्या होत्या 🙈 परत घेतल्या. ऱ्हायनूचे सात प्रकार निघाले.

पण मग व्हॉट्सॲपचा डेटा घ्यायचा तरी कसा? माझ्याकडे गावचे चार ग्रुप आहेत, एक्सपोर्ट चॅट करून टाकू का?

---

धुळेकर_सध्या_पुणे

नाही!! एक्सपोर्ट बटण आहे म्हणून ते तुझं होत नाही. ग्रुपमधल्या तीनशे लोकांनी तुझ्या प्रोजेक्टला हो म्हटलंय का? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, संशोधनाला त्यात सवलत आहे पण ती ठरवलेल्या निकषांच्या अटीवर, मोकळं रान नाही. आणि कायदा बाजूला ठेव, गावात कळलं ना की अमक्याच्या पोरीने ग्रुप उतरवून कॉलेजात दिला, तर तुझ्या घरच्यांना काय काय ऐकावं लागेल.

व्हॉट्सॲप एन्ड टू एन्ड एनक्रिप्टेड आहे, बाहेरून कोणाला दिसत नाही, कंपनीलाही मजकूर दिसत नाही. त्यामुळे संशोधक आता लोकांकडूनच मागून घेतात, त्याला डेटा डोनेशन म्हणतात. माणसाला समजावून सांगायचं, तो हो म्हणाला तर त्याच्या फोनमधले ठरावीक ग्रुप घ्यायचे, नावं-नंबर तिथल्या तिथं पुसायचे, चेहरे धूसर करायचे. किरण गरिमेला म्हणून संशोधक आहेत, त्यांनी भारतात गावोगाव या पद्धतीने काम केलंय. पण त्याला टीम लागते, परवानगी लागते, एका महिन्यात तुझ्याने व्हायचं नाही.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड एका वेळी ५ चॅटपुरतं केलं, २०२० मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. त्याने असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीनेच सांगितलं. बाहेरच्या कोणाला मोजून बघायची सोय नाही, म्हणून हा आकडा लिहिलास तर "कंपनीच्या म्हणण्यानुसार" लिहायला विसरू नकोस.

आणि हो, यूट्यूबची कमेंट पब्लिक असली तरी रिपोर्टमध्ये जशीच्या तशी छापू नकोस. अवतरण टाकून गुगल केलं की माणूस सापडतो. थोडी बदलून लिही.

---

केळीवाला_रावेर

मी डेटावाला नाही, शेतकरी आहे, पण एक सांगतो. मागे दोन पोरं आली होती कुठल्यातरी कंपनीची, केळीच्या भावाचे ग्रुप बघून शेतकऱ्यांचा मूड सांगणार होते. आम्ही म्हटलं बघा बाबा. त्यांनी आमचं लिहिलेलं वाचलं तर "वापसी" ला ते समजले माल परत आला. अहो वापसी म्हणजे हलकी केळी, नवती, पिलबाग, वापसी असे भाव निघतात आमच्याकडे. वापसीचा भाव रोजच येतो, त्यांना वाटलं रोजच माल परत येऊन राहिला, शेतकरी बुडाला.

दुसरं म्हणजे ग्रुपमध्ये बोलतो कोण. आमच्या ग्रुपात हजाराच्या जवळ माणसं, बोलणारी पंधरा-वीस, त्यातले चार तर व्यापाऱ्याचे. बुऱ्हाणपूरचा भाव चढला की सगळे टाकतात, "रावेरला का नाही" म्हणून आरडाओरड. पण ज्याची गाडी चांगल्या भावात भरली गेली तो कधी लिहितो का? तो गप्प बसतो, उद्या शेजारी उधार मागायला येईल म्हणून. आणि ज्याच्या बागेवर सीएमव्ही हा व्हायरस आला, बाग उपटून फेकावी लागली, तोही लिहित नाही, त्याला काय सुचून राहिलं. मधले ओरडतात. ते ऐकून तुम्ही म्हणणार जिल्हा नाराज.

भाव किती ते विचारायचं तर बांधावर या, काटापट्टी दाखवतो. बोर्डावरचा भाव आणि हातात पडलेला भाव यातलं अंतर कुठल्याच ग्रुपमध्ये लिहिलेलं नसतं.

---

आकडेमोड

रावेरच्या दादांनी जे सांगितलं त्याचा आमच्याकडे अख्खा धडा आहे, पण त्यांच्याइतकं सरळ मला वर्गात कधी सांगता आलं नाही. (मीही स्टॅटच शिकवते, नंदुरबारला.)

१९३६ ची गोष्ट अभ्यासात असेलच, तरी परत वाच. लिटररी डायजेस्ट या अमेरिकन साप्ताहिकाने १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, आणि सांगितलं की राष्ट्राध्यक्ष म्हणून लँडन निवडून येणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या यादीतून, गाड्यांच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे होती? आणि त्यातही परत पाठवायची तसदी कोणी घेतली? जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने ५० हजारांच्या आसपास लोकांना विचारून बरोबर सांगितलं. तुझ्या अकरा हजारांच्या एक लाख केल्यास तरी हा दोष जात नाही, उलट चुकीच्या उत्तरावर विश्वास वाढतो.

आपल्याकडचं बघायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१. कधीतरी इंटरनेट वापरलंय का, या प्रश्नाला देशात बायकांमध्ये ३३ टक्के हो, पुरुषांमध्ये ५७. आता चित्र बदललं असेल, पण अंतर एका झटक्यात मिटत नसतं. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेप्रमाणे ६९ टक्के लोक आदिवासी, धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली, पावरी बोलतात, रेंजसाठी टेकडीवर चढतात. तुझ्या डेटात ती माणसं किती? घरात कानबाई देवी बसते तेव्हा रात्रभर गाणी म्हणणाऱ्या बायका किती? त्या गाणं म्हणतात, कमेंट नाही करत.

म्हणून शीर्षक बदल. "खान्देशी समाजाच्या भावना" हे तुझ्या डेटातून निघत नाही, सरांना न दुखावता सांग. "निवडक अहिराणी गाण्यांखालच्या प्रतिक्रिया" म्हण, छोटं वाटेल पण कोणी खोडू शकणार नाही.

काम असं कर. सगळ्या कमेंटमधून रँडम ४०० काढ. त्यावरून टक्केवारी काढलीस तर जास्तीत जास्त पाच टक्के इकडेतिकडे होईल, पण फक्त या कमेंटपुरती हं, खान्देशापुरती नाही. त्या ४०० वर दोघींनी वेगवेगळ्या बसून शिक्के मारायचे, एकमेकींचं न बघता, आणि दुसरी व्यक्ती अहिराणी घरात बोलणारीच हवी. मग काप्पा काढ, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून दोघींचं खरं किती जुळलं ते सांगणारा आकडा. नुसतं "आमचं ८४ टक्के जुळलं" म्हणू नकोस. समजा दोघींनीही ८० टक्के कमेंटना "चांगली" म्हटलंय, तर डोळे मिटून शिक्के मारले असते तरी ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ६८ टक्के जुळलंच असतं. त्यावरची कमाई फक्त १६, शक्य होती ३२, काप्पा ०.५. दिसायला ८४, खरं अर्धंच. माणसा-माणसांचंच एवढं जुळत असेल तर मॉडेलकडून ९५ ची अपेक्षा कशाला?

आणि मॉडेल किती चुकलं यापेक्षा कुठं चुकलं ते लिही. "आग", "जीव", "मारी टाकं" या शब्दांच्या कमेंट वेगळ्या काढून तक्ता कर. परीक्षकांना तो एक तक्ता पुरतो.

---

फुकट_सल्ला_केंद्र

मॅडम, मी पण सांगू का, मी त्यातल्या एका गाण्याखाली "जाळून टाका हा कॅमेरा" लिहिलं होतं. ती खरंच शिवी होती, शूटिंग हललं होतं. ती निगेटिव्हमध्येच ठेवा 😂

---

चोपड्याची_पोर

सगळ्यांचे खूप आभार. थोडं अपडेट देते.

दुसरी शिक्के मारणारी माझी आई. तिची सातवीत शाळा सुटली, पण घरात तिच्याएवढी अहिराणी कोणालाच येत नाही, मलाही नाही. मी कमेंट वहीत लिहून दिल्या, नाव वगैरे काही नाही, नुसता मजकूर, आणि पुढे दोन रकाने, चांगली-वाईट. दुपारी कपाशीतून आली की चहा घेता घेता वीस-वीस करते. शंभर झाल्या.

"आग लाई दिधी" वर ती हसली, म्हणे हे काय विचारायचं झालं. पण काप्पा मॅडमच्या ०.५ एवढाही आला नाही, सांगायला लाज वाटते. मग जिथं जुळलं नाही त्या सगळ्या काढून दोघी बसलो. एका हळदीच्या गाण्याखाली कोणीतरी लिहिलंय, "आज मन्ही माय ऱ्हाती ते नाचती". मी वाईटमध्ये टाकली होती, आई वारलीय त्याची, दुःखच आहे ना. आईने चांगलीमध्ये. मी म्हटलं अगं तो रडतोय. ती म्हणे गाणं चांगलं म्हणूनच माय आठवली ना, वाईट गाण्यावर कोणाले माय आठवस? मग स्वतःच थोडा वेळ पेन धरून बसली आणि म्हणे दोन्ही रकान्यांत नको लिहू.

तशा आणखी निघाल्या, "गावनी याद उनी", "रडाई दिधं भाऊ", सुरतवाल्या बऱ्याचशा याच. म्हणून तिसरा रकाना केलाय, आईने नाव दिलंय "याद". न्यूट्रल नाही हं, मॉडेलच्या न्यूट्रलमध्ये "पहिली कमेंट" आणि "मोबाईल नंबर द्या" असलं सगळं आहे.

शीर्षकाचं सरांना सांगितलं, पहिल्यांदा गप्प बसले, मग म्हणाले बघू. सोमवारी परत बोलावलंय. आकडेमोड मॅडम, एक विचारायचं होतं, तीन रकाने झाल्यावर काप्पाचं ते डोळे मिटून जुळण्याचं गणित तसंच तिन्हींवर करायचं ना? आणि आधीच्या शंभरपण आईकडून परत करून घ्याव्या लागतील का, कारण ती म्हणतेय आता वेचणी सुरू होईल, लवकर सांग.